विकत घेतलेला खेळ कोठें जातो?

वाळवे तालुक्याचें ठिकाण असलेल्या इस्लामपुरांतील एका सुखवस्तु कुटुंबाची कल्पना करावी. उन्हाळ्याच्या सुटींत थोरल्या मुलाला मामाकडून खाऊसाठीं कांहीं रुपये मिळाले. त्यांतून त्यानें दोन वस्तु घेतल्या. एक बाजारपेठेंतील दुकानांतून आणलेला कॅरमचा पट, आणि दुसरी वडिलांच्या मोबाईलवर उतरवून घेतलेला मोटारींच्या शर्यतीचा खेळ. पहिल्या खरेदींत दुकानदाराच्या हातावर नोटा ठेवल्या. दुसऱ्या खरेदींत पडद्यावरील ‘विकत घ्या’ या अक्षरांवर बोट टेकलें. मुलाच्या दृष्टीनें दोन्ही व्यवहार सारखेच होते.

सात-आठ वर्षें लोटतात. मुलगा आतां राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो आहे. धाकटी बहीण माळ्यावरून कॅरमचा पट खालीं काढते. त्याचा एक कोपरा झिजला आहे, दोन सोंगट्या हरवल्या आहेत. तरी त्यांच्या जागीं दोन गुंड्या ठेवून खेळ सुरू होतो. मोबाईलवरील खेळ मात्र नव्या फोनवर उघडत नाहीं, आणि ज्या दुकानांतून तो घेतला तेथें त्याचें नांवही उरलेलें नाहीं. पैसे दिल्याची पावती तेवढी ई-मेलमध्यें शिल्लक आहे. “दादानें तो विकत घेतला होता ना? मग तो गेला कोठें?” असें बहिणीनें विचारल्यास घरांतील वडील माणसांना उत्तर देतां येणें कठीण पडेल. प्रश्न लहान मुलीचा असला, तरी त्याचें उत्तर शोधूं गेल्यास किंमत, मालकी आणि विश्वास या तिन्हींचा विचार करावा लागतो.

प्रथम मालकी म्हणजे काय तें पाहूं. भारतांत १९३० सालचा माल विक्री कायदा लागू आहे. त्याचें सार असें कीं, विक्री म्हणजे किंमत घेऊन मालावरील स्वामित्व दुसऱ्यास देणें. कॅरमचा पट विकल्यावर दुकानदाराचा त्याच्यावर कसलाही अधिकार उरत नाहीं. त्याचें दुकान बंद पडो, तो गांव सोडून जावो, पट ज्याचा त्याच्याच घरीं राहतो. याच इस्लामपुराचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें जुलै २०२५ मध्यें जाहीर केला. पण गांवाच्या पाटीवरील अक्षरें बदललीं म्हणून तेथील कोणाचें घर दुसऱ्याचें झालें नाहीं, कीं कोणाचें शेत सात-बाराच्या उताऱ्यावरून नाहींसें झालें नाहीं. मालकीचा अर्थच हा कीं, देणाऱ्याची मर्जी फिरली तरी घेणाऱ्याचें हक्काचें तें त्याच्यापाशीं राहतें.

संगणकावरील कार्यक्रम हा असा ‘माल’ होऊं शकतो काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें पूर्वींच आला होता. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या दाव्यांत नोव्हेंबर २००४ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला कीं, तबकडीवर भरून बाजारांत विकलेलें तयार सॉफ्टवेअर हा मालच होय. त्या काळीं खेळही अशा तबकड्यांवरच मिळत. तबकडी विकत घेणारा ती कपाटांत ठेवी, मित्राला उसनी देई, आणि कंटाळा आला तर अर्ध्या किंमतीस विकूनही टाकी.

आतां तबकडी गेली, आणि तिच्याबरोबर हा हक्कही बहुतांशीं गेला. मोबाईलवरील खेळ गूगलच्या प्ले स्टोअरमधून किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमधून उतरवून घ्यावा लागतो. तेथें जीं अटींचीं लांबलचक पानें असतात, तीं न वाचतांच ‘मान्य’ म्हणण्याची सर्वांची रीत आहे. त्या पानांत स्पष्ट लिहिलेलें असतें कीं, ग्राहकास दिला जातो तो खेळ वापरण्याचा परवाना. तो दुसऱ्याला देतां येत नाहीं, विकतां येत नाहीं, आणि ठराविक प्रसंगीं काढूनही घेतां येतो. म्हणजे दुकानाच्या दारावर विक्रीची पाटी आणि आंत व्यवहार भाड्याचा. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशांतला हा प्रकार आहे. भाड्यानें वस्तु देणें हा कांहीं गुन्हा नव्हे. जत्रेंतील तंबूच्या सिनेमाचें तिकीट काढणारा मनुष्य तंबू घरीं नेण्याची अपेक्षा करीत नाहीं. परंतु तिकीट काढतांना खेळ किती वाजतां संपणार हें त्याला ठाऊक असतें. मोबाईलच्या खेळांत नेमकें तेंच सांगितलेलें नसतें.

आतां किंमतीकडे वळूं. कारण खेळ नाहींसे होण्याचें मूळ बरेंचसें त्यांच्या किंमतीच्या रचनेंत आहे. ॲपलचें दुकान जुलै २००८ मध्यें उघडलें. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरांत फिनलंडमधील रोव्हिओ कंपनीचा ‘अँग्री बर्ड्‌स’ हा खेळ तेथें आला. त्याची किंमत ९९ सेंट, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ४५ रुपये होती. एकदां पैसे दिले कीं खेळ आपला, अशी ती सरळ पद्धत होती. पण स्पर्धा वाढली तशा किंमती उतरूं लागल्या. भारतांत तर गूगलनें २०१५ सालीं विक्रीची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. दहा रुपयांच्या विक्रींतून दुकानाची दलाली त्या वेळच्या ३० टक्के दरानें वजा केली, तर बनविणाऱ्याच्या हातीं सात रुपये उरतात. लहान धंदेवाल्यांसाठीं ही दलाली २०२१ पासून १५ टक्क्यांवर आली हें खरें. तरीही एकदांच मिळणाऱ्या आठ-साडेआठ रुपयांवर खेळाची वर्षानुवर्षें निगा राखणें कोणासही परवडणारें नव्हे.

यांतून दुसरी पद्धत रूढ झाली. खेळ फुकट द्यावयाचा आणि आंत गेल्यावर पैसे घ्यावयाचे. आंत जाहिराती असतात, पात्रांचीं वस्त्रें असतात, शस्त्रें असतात, पुढची पायरी लवकर गांठण्याच्या सोयी असतात. या वस्तु रुपयांत न विकतां बहुधा खेळांतील खोट्या नाण्यांत विकल्या जातात, आणि हिशेबाची खरी मेख येथेंच आहे. उदाहरणार्थ, १०० नाण्यांची थैली ८० रुपयांस मिळते आणि मुलाला हवा असलेला अंगरखा १३० नाण्यांचा आहे, असें समजूं. त्या भावानें अंगरख्याची किंमत १०४ रुपये झाली. पण सुटीं नाणीं मिळत नसल्यामुळें मुलाला दोन थैल्या, म्हणजे १६० रुपयांचीं नाणीं घ्यावीं लागतात. उरलेलीं ७० नाणीं, म्हणजे ५६ रुपये, विक्रेत्याच्या तिजोरींत पडून राहतात, आणि त्यांचा उपयोग करण्यासाठीं आणखी एक थैली घेण्याचा मोह होतो. रुपया खर्चतांना जो हात आंखडतो, तो नाणें खर्चतांना आंखडत नाहीं, हें या युक्तीचें मर्म आहे.

या पद्धतीचा परिणाम असा झाला कीं, खेळ हा पुस्तकासारखा पूर्ण झालेला पदार्थ न राहतां नळाच्या पाण्यासारखी चालू सेवा बनला. तो दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकांवर चालतो. खेळाडूच्या फोनमध्यें त्याचा नळ तेवढा असतो. पाण्याची टाकी बंद झाली कीं नळ असून नसून सारखाच. टाकी कां बंद होते याचीं कारणें अनेक आहेत, आणि तीं एकमेकांपासून निराळीं ओळखणें इष्ट आहे.

पहिलें कारण यंत्राचें. फोन चालविणारी मूळ प्रणाली दरवर्षीं बदलते. ॲपलनें सप्टेंबर २०१७ मध्यें आयओएसची ११ वी आवृत्ति काढली, तेव्हां जुन्या ३२-बिट बांधणीचे सर्व खेळ तिच्यावर चालेनासे झाले. ज्यांच्या निर्मात्यांनीं ते नव्यानें बांधून दिले ते वांचले. बाकीचे, पैसे दिलेले असोत वा नसोत, तेथेंच थांबले.

दुसरें कारण निर्मात्याच्या स्वतःच्या हिशेबाचें. वर सांगितलेला ‘अँग्री बर्ड्‌स’ मध्यंतरीं दुकानांतून काढून घेण्यांत आला, आणि मार्च २०२२ मध्यें नव्यानें बांधून पुन्हा ९९ सेंटला विक्रीस ठेवण्यांत आला. वर्षही पुरतें झालें नाहीं तोंच, फेब्रुवारी २०२३ मध्यें, कंपनीनें गूगलच्या दुकानांतून त्याची विक्री थांबविली आणि ॲपलच्या दुकानांत त्याचें नांवच बदललें. आपल्या इतर खेळांवर त्याचा परिणाम होतो, असें कारण कंपनीनें दिलें. ते इतर खेळ फुकट वाटले जाणारे आणि आंत पैसे घेणारे होते. एकदांच ९९ सेंट घेऊन समाधान देणारा जुना खेळ नव्या धंद्याच्या आड येत होता, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. विक्री थांबली म्हणजे आधीं घेतलेला खेळ बंद पडतोच असें नाहीं. एपिक कंपनीनें डिसेंबर २०१८ मध्यें ‘इन्फिनिटी ब्लेड’ या नांवाचे तीन खेळ विक्रींतून काढले, तेव्हां जुन्या ग्राहकांस ते पुन्हा उतरवून घेण्याची मुभा ठेवली होती. मात्र नवा ग्राहक नाहीं म्हणून नवी दुरुस्ती नाहीं, आणि दुरुस्ती नाहीं म्हणून पुढच्या फोनवर तो चालत नाहीं, अशी ती हळूहळू येणारी अखेर असते.

तिसरें कारण सर्व्हर बंद करण्याचें, आणि तें सर्वांत कठोर आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें २००८ मध्यें पुण्यांतही आपली शाखा काढली, म्हणून हें नांव महाराष्ट्रास अगदींच परकें नाहीं. तिनें २०१४ मध्यें ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ पूर्ण किंमत घेऊन विकला. हा खेळ मोबाईलचा नव्हता. संगणक आणि खेळयंत्रें यांवर तो चालत असे. परंतु एकट्यानें खेळावयाचें झालें तरी त्यास कंपनीच्या सर्व्हरचा आधार लागे. ता. ३१ मार्च २०२४ रोजीं ते सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांच्या घरीं त्याची तबकडी होती त्यांनाही तो खेळतां येईना. कॅलिफोर्नियांत यावरून दावा झाला. युरोपांत विकलेले खेळ अशा रीतीनें मारूं नयेत अशी चळवळ उभी राहिली, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या झाल्या.

चौथें कारण सरकारी आज्ञेचें, आणि तें भारतांतील घरोघरीं ठाऊक आहे. ता. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमान्वयें ११८ ॲपांवर बंदी घातली. तींत ‘पबजी मोबाईल’ हा खेळ होता. सांगली-साताऱ्याकडील लहान गांवांतही टाळेबंदीच्या त्या दिवसांत मुलें याच खेळांत गुंतलेलीं असत. ३० ऑक्टोबरला त्याचे भारतासाठींचे सर्व्हरही थांबले. ज्यांनीं खाऊचे पैसे त्यांतील वस्त्रांवर आणि शस्त्रांवर खर्चिले होते, त्यांचा सारा संग्रह एका रात्रींत दृष्टीआड झाला. पुढें क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीनें जुलै २०२१ मध्यें ‘बॅटलग्राउंड्‌स मोबाईल इंडिया’ या नांवानें तोच खेळ भारतासाठीं आणला, आणि जुन्या खात्यांतील संग्रह नव्या खात्यांत आणण्याची सोय कांहीं मुदतीपुरती दिली. पुन्हा २८ जुलै २०२२ रोजीं तो दोन्ही दुकानांतून काढण्यांत आला, आणि मे २०२३ मध्यें वयाप्रमाणें खेळण्याच्या वेळेची मर्यादा घालून परत सुरू झाला. देशाच्या सुरक्षिततेसाठीं सरकारनें काय करावें हा निराळा विषय आहे. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, या सर्व उलाढालींत खेळाडूचा जुना संग्रह परत मिळाला तो कंपनीच्या सोयीनें व सौजन्यानें. त्याचा हक्क म्हणून नव्हे.

खेळ बनविणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पुण्यांतील सुपरगेमिंग या संस्थेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें ‘इंडस’ हा खेळ काढला. क्रिकेटचा ‘रिअल क्रिकेट’ हा खेळही पुण्यांतील नॉटिलस कंपनीचाच. असे खेळ चालू ठेवण्यास सर्व्हरचें भाडें, दुरुस्ती करणारे अभियंते, फसवणूक पकडणारी व्यवस्था हा खर्च दरमहा येतोच. खेळाडू कमी झाल्यावर तो खर्च अनंत काळ सोसावा, असें कोणी म्हणणार नाहीं. पण विचारी लोकांची मागणी त्याहून साधी आहे. सेवा किती काळ चालेल हें विक्रीच्या वेळीं सांगावें. बंद करण्यापूर्वीं पुरेशी सूचना द्यावी. आणि शक्य असेल तेथें सर्व्हरशिवाय चालेल असें एक शेवटचें रूप ग्राहकाच्या हातीं द्यावें. कॅलिफोर्निया राज्यानें जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे कीं, दिला जातो तो परवाना असेल तर तसें स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द वापरतां येऊं नयेत. अर्थात् कायद्यानें खेळ वांचला नाहीं. पण पाटीवरील शब्द तरी खरा झाला.

भारतांतील ग्राहक अगदींच निराधार नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत ‘अनुचित करार’ अशी कल्पना आहे, आणि वाजवी कारणावांचून एका पक्षानें एकतर्फी करार संपविण्याची अट ही त्यांत मोडते. अशा करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे जातां येतें. सेवेंतील उणिवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करतां येते. आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. शिवाय १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान मुलानें केलेला करार निरर्थक ठरतो, हें प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालींच सांगून ठेवलें आहे. मात्र मुलानें वडिलांच्या खात्यावरून आणि वडिलांच्या सांकेतिक अंकानें खरेदी केली, तर वाद गुंतागुंतीचा होतो. म्हणून न्यायालयापेक्षां घरांतील दक्षता अधिक उपयोगी.

ती दक्षता फारशी अवघड नाहीं. प्रत्येक खरेदीपूर्वीं पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था फोनमध्यें करून ठेवावी. खेळ घेतल्यावर फोन विमानांतील स्थितींत, म्हणजे ‘एअरप्लेन मोड’ वर टाकून तो उघडून पाहावा. उघडला आणि चालला, तर खेळ फोनमध्यें आहे. न उघडला, तर तो दुसऱ्याच्या घरीं आहे आणि पैसे दिले ते तिकिटाचे, असें समजावें. मनाजोगा नसल्यास गूगलच्या दुकानांत पहिल्या ४८ तासांत पैसे परत मागतां येतात, हें विसरूं नये. आणि खोट्या नाण्यांची थैली मुलाला घेऊं द्यावयाचीच असेल, तर तिचा रुपयांतील हिशेब त्याच्याकडूनच कागदावर करवून घ्यावा. त्रैराशिकाचा इतका जिवंत धडा क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं.

एक गोष्ट मात्र घराच्या दक्षतेनें साधण्यासारखी नाहीं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्यें मुंबईंत लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पुढच्याच वर्षीं कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें काढलेला ‘अयोध्येचा राजा’ मात्र पाहावयास मिळतो, कारण त्याची प्रत जतन झाली. दोहोंत अंतर एका वर्षाचें, पण एक स्मरणांत राहिला आणि दुसरा डोळ्यांपुढें. पुस्तकांसाठीं १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकानें आपल्या ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास पाठविलीच पाहिजे असें तो सांगतो. किर्लोस्करवाडीहून निघालेल्या मासिकाचा ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वींचा अंक आजही उघडून वाचतां येतो. त्यासाठीं कोणाच्या परवान्याची गरज पडत नाहीं. अमेरिकेंतील खेळांच्या इतिहासाचें जतन करणाऱ्या एका संस्थेनें २०२३ मध्यें केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत मिळत नाहींत. मोबाईलवरील खेळांना तर तबकडीचाही आधार नाहीं. ज्या खेळांत एका पिढीचें बाळपण गेलें, ते पुढच्या पिढीस दाखवितांही येऊं नयेत, ही हानि रुपयांत मोजतां येणारी नव्हे.

तेव्हां इस्लामपुरांतील त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर असें द्यावें लागेल : “दादानें खेळ विकत घेतला असें त्याला वाटलें, वास्तविक त्यानें तो खेळण्याची परवानगी घेतली होती, आणि ती देणाऱ्यानें ती परत घेतली.” उत्तर कडू असलें तरी खरें आहे, आणि मुलांना तें लवकर समजलें तर बरें. पुढच्या वेळीं पैसे मोजण्यापूर्वीं तीं विचारतील, “हें आपलें होणार कीं नुसतें वापरावयास मिळणार?” दोन्हींची किंमत एक असूं नये, हें त्यांस कोणी शिकवावें लागणार नाहीं. तोंपर्यंत माळ्यावरचा कॅरमचा पट आहेच. हरवलेल्या सोंगट्यांच्या जागीं गुंड्या ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.